वाकडा माड

मेश्राम मॅडमसमोर ‘छान’ म्हणायची सोय नव्हती. पोह्यांना म्हणा, साडीला म्हणा, कोणाच्या मुलीच्या लग्नाच्या फोटोंना म्हणा, त्यांची हरकत नसायची. पण आमच्या केंद्राच्या व्हरांड्यातल्या त्या चित्रासमोर उभं राहून कोणी “छान आहे हो” म्हटलं की त्या थांबायच्या.

“काय छान आहे?”

समोरचा गडबडायचा. “म्हणजे... सगळंच.”

“सगळंच कसं असेल? एक काहीतरी सांगा ना बाप्पा.”

मग त्या माणसाला तिथे उभं राहून चित्राकडे खरोखर बघावं लागायचं. ज्यांना घाई असायची ते पुढे पुढे मॅडमच्या देखत चित्राकडे मान वळवायचंच टाळायला लागले.

आमचं केंद्र कोथरूडमध्ये, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. खाली बँक आणि शिकवणीचे वर्ग, वर आम्ही. स्ट्रोक येऊन गेलेली माणसं आमच्याकडे येतात. त्यांचे हातपाय माझ्याकडे आणि बोलणं मेश्राम मॅडमकडे, अशी वाटणी होती. मी फिजिओथेरपिस्ट म्हणून लागले तेव्हा त्या तिथे मुरलेल्या होत्या. बुटक्या, सावळ्या, केसांची घट्ट वेणी, सुती साडी आणि पायात धावायचे बूट. टेबलावर बुद्धाची मुठीएवढी मूर्ती. सकाळी आल्यावर तिच्यासमोर डोळे मिटून दोन मिनिटं बसायच्या, मग डोळे उघडून म्हणायच्या, “चला, कोण आलं?” पेशंटशी बोलताना त्या खुर्ची घेत नसत. एक बुटकं स्टूल होतं, त्यावर बसायच्या. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला मान वर करून बोलायला लागू नये म्हणून.

त्या मूळच्या चंद्रपूरच्या. शिक्षण नागपूरला, लग्नानंतर पुण्यात. मिस्टर जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुलगी बंगळूरला नोकरी करत होती. पुण्यात इतकी वर्षं काढूनही त्यांची जीभ चंद्रपूरचीच राहिली होती. काम करताना शुद्ध बोलायच्या, पण जरा आनंद झाला किंवा राग आला की “काहून?” आणि “काय करून राहिला?” बाहेर पडायचं. कोथरूडच्या मंडईत त्यांनी एकदा सवयीनं सांबार मागितला. त्यांच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. भाजीवाल्यानं शांतपणे सांगितलं, “पुढच्या चौकात हॉटेल आहे.” ही गोष्ट त्या स्वतःच सगळ्यांना सांगायच्या आणि सगळ्यांच्या आधी हसायच्या.

पेशंटच्या नातेवाइकांच्या बाबतीत मात्र त्यांचा एक नियम होता आणि त्यात हसण्यावारी काही नव्हतं. नातेवाईक आले की मॅडमला विचारायचे, “यांना भूक लागते का हो? झोप कशी आहे त्यांची?” मॅडम उत्तर द्यायच्या नाहीत. हात पुढे करून पेशंटकडे दाखवायच्या. “ते इथेच बसले आहेत. त्यांना विचारा.” “पण त्यांना बोलता येत नाही ना.” “ऐकू येते.”

यामागचं कारण मला त्यांनी एकदाच सांगितलं, डबा खाताना. त्यांच्या आईला स्ट्रोक आला तेव्हा त्या कॉलेजात होत्या. आईची वाचा गेली. गावात बोलणं परत आणणारं कोणी असतं हेच कोणाला ठाऊक नव्हतं. “आम्हाला वाटलं तिचं डोकंच गेलं,” मॅडम म्हणाल्या. “तिच्यासमोर बसून तिच्याबद्दल बोलायचो आम्ही. हिचं कसं होईल, हिला कोण पाहील. अशी किती वर्षं गेली. आणि ती ऐकून राहिली होती सगळं.” मग त्यांनी ठेच्याचा एक मोठा घास घेतला आणि माझ्या डब्यातली गोडसर आमटी बघून “हे कसं खाता वं तुम्ही लोक?” असं विचारून विषय बदलला.

आता त्या चित्राबद्दल.

एका पेशंट आजींनी पुण्यातला फ्लॅट विकला आणि त्या मुलाकडे परदेशी निघाल्या. हे चित्र विमानात जाण्यासारखं नव्हतं. ते त्यांनी केंद्राला देऊन टाकलं. दोन माणसांनी धरून जिन्यातून वर आणावं लागलं, एवढं मोठं. व्हरांड्यातल्या लांब भिंतीवर ते टांगलं गेलं. कोणी काढलं ते कळायला मार्ग नव्हता, कारण कोपऱ्यातली सही म्हणजे नुसता फराटा होता. कुठलं आहे हेही कळत नव्हतं. पुण्यात एखादी गोष्ट कळत नसली तरी तिच्यावर मतं असायला हरकत नसते, त्यामुळे कोणी म्हणे केरळ, कोणी म्हणे लंका, आणि एक गृहस्थ रोज जाता जाता ऐकवून जायचे, “काहीही असलं तरी कोकण नाही. कोकण मी बघितलंय.”

चित्रात डावीकडे खाडीचं पाणी होतं, मोरपिशी, मध्येच एकदम पिवळं चमकणारं. पाण्यात एक होडी. मधून एक लाल पायवाट वर चढत जायची. उजवीकडे केळीची बाग, तिच्यामागे उतरत्या छपराचं घर आणि घरातून निघालेली धुराची बारीक रेघ. पुढ्यात एक मोठा माड पाण्याकडे झुकलेला, जवळजवळ आडवा झालेला. आकाश आमरसाच्या रंगाचं. आणि सावल्या जांभळ्या! झाडांचे बुंधेसुद्धा निळसर-गुलाबी. सगळं इतकं दाट आणि ओलं होतं की समोर उभं राहिलं की आपल्यालाच घाम फुटेलसं वाटायचं. “रंग जरा भडक झालेत, नाही?” हा त्या चित्रावरचा पहिला पुणेरी अभिप्राय, आणि तो आमचे संचालक डॉ. आपटे यांचा होता.

मेश्राम मॅडम त्या दिवशी जेवायला निघाल्या होत्या. हातात डबा. चित्रासमोर आल्या आणि थांबल्या. मी जेवून परत आले तरी तिथेच उभ्या.

“मॅडम, जेवायचं नाही?”

“पाहून राहिली मी.” मग थोड्या वेळानं म्हणाल्या, “आमच्याकडे उन्हाळ्यात सागाच्या झाडाला पान नाही राहत. सगळं जंगल काड्यांचं होऊन जाते. असं हिरवं दिसलं की मला पानीच येते डोळ्यात.” आणि खरंच आलं होतं. त्यांनी ते पदरानं पुसलं. “पण हा हिरवा असा हलल्यासारखा का दिसते? ते समजून नाही राहिलं.”

ते समजायला त्यांना काही महिने लागले, आणि समजलं ते लेले काकूंमुळे.

लेले काका निवृत्त मुद्रितशोधक. म्हणजे छापायच्या आधी पुस्तकातल्या चुका काढणारे. उभा जन्म त्यांनी लोकांच्या चुका काढण्यात घालवला होता आणि एका सकाळी दाढी करताना त्यांचे स्वतःचे सगळे शब्द गेले. एकच उरला: ‘तेच’. पाणी हवं असलं तरी तेच, संडासला जायचं असलं तरी तेच, काकूंवर चिडले तरी तेच तेच तेच. आपण म्हणतोय ते आपल्या मनातलं नाही हे त्यांना कळायचं. आपल्या तोंडून निघालेला शब्द ऐकून त्यांचा चेहरा असा व्हायचा की माझ्याच्यानं बघवायचं नाही.

अशा पेशंटसाठी आमच्याकडे चित्रांची कार्डं असतात. कप, कंगवा, किल्ली. मॅडमनी पहिलं कार्ड पुढे धरलं तसा काकांनी चांगल्या हातानं सगळा गठ्ठा उडवून लावला. बालवाडीतल्या मुलासारखं आपल्याला कप दाखवतात, हा अपमान त्यांना सहन झाला नाही. कार्डं गोळा करता करता लेले काकू आधी मला आणि मग, मॅडमना ऐकू जाईल अशा बेतानं, भिंतीला म्हणाल्या, “यांनी आयुष्यभर शुद्धलेखन सांभाळलं. आणि आता यांना बोलायला शिकवणार कोण, तर ज्यांच्या स्वतःच्या तोंडी पाण्याचं ‘पानी’ होतं.”

मॅडमनी ते ऐकलं. स्टुलावरून न उठता म्हणाल्या, “काकू, आधी काकांना पाणी मागता येऊ द्या. माझ्या ‘पानी’चं ‘पाणी’ मग आपण दोघी मिळून करू.”

दुसऱ्या दिवसापासून कार्डं बंद. मॅडम काकांची खुर्ची ढकलत चित्रासमोर न्यायच्या आणि शेजारी स्टुलावर बसायच्या. दोघंही गप्प. नुसतं बघायचं. डॉ. आपटेंनी मला बाजूला घेऊन विचारलं, “ही थेरपी आहे का?” मी म्हटलं, मलाही नक्की माहीत नाही.

कधी तरी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मॅडम सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, “काका, हे नारळाचं झाड किती सरळ आहे, नाही?”

काकांनी मान फिरवून त्यांच्याकडे बघितलं.

“एकदम सरळ. खांबासारखं.”

काकांचा चेहरा लाल झाला. हात उचलला. “तेच... ते... ते...” मॅडम ढिम्म. चित्राकडे बघत पुन्हा म्हणाल्या, “काय सरळ झाड काढलं आहे!”

“वा,” काका म्हणाले. “वा... वाक... वाकडा!”

मी पलीकडे एका बाईंचा गुडघा धरून उभी होते. तो तसाच धरून राहिले. मॅडमनी टाळी वाजवली नाही, शाबास म्हटलं नाही. त्या पुढे वाकून चित्र नीट बघायला लागल्या, जणू आत्ताच त्यांना दिसलं. “हो का? अरे हो. वाकडं आहे झाड.”

काका अजून रागातच होते. “झाड... नाही,” ते म्हणाले. “मा... माड.” माड वाकडा असतो, झाड वाकडं असतं. लिंगसुद्धा सोडलं नव्हतं गृहस्थांनी.

कोपऱ्यात बसलेल्या लेले काकू तोंडाला पदर लावून रडायला लागल्या.

त्या दिवशी आम्हाला कळलं की आजारानं काकांचे शब्द नेले होते, चूक दुरुस्त करायची ओढ नेली नव्हती. मॅडमनी ती ओढ धरून ठेवली. मग त्या चित्रासमोर बसून त्या बिनदिक्कत खोटं बोलायला लागल्या. आकाश निळं आहे म्हणायच्या. होडी लाल आहे म्हणायच्या. आणि हे औषध इतरांनाही लागू पडतं हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. जेवताना मला म्हणाल्या, “पुण्याच्या मानसाला बोलतं करायचं असलं न, तर त्याच्यासमोर चूक करायची. गप्प बसूच शकत नाही तो!” ‘मानसाला’ म्हणाल्या, आणि मी नकळत “माणसाला” म्हणून दुरुस्त केलं. त्या डबा ठेवून हसत सुटल्या.

एकदा काकांनी उलट मॅडमनाच पेचात पकडलं. माडाच्या सगळ्या झावळ्या वाऱ्यानं एका बाजूला उडत होत्या, पण घरातला धूर मात्र सरळ वर जात होता. काकांनी आधी झावळ्या दाखवल्या, मग धूर दाखवला आणि तृप्त चेहऱ्यानं म्हणाले, “चूक.” चित्रकाराची चूक! मॅडम दोन दिवस विचार करत होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “काका, घर बागेच्या आडोशाला आहे न. वारा पाण्यावरून येते, तो माडाला लागते, घराला नाही लागत.” काकांनी बराच वेळ बघितलं. मग नाइलाजानं मान डोलावली.

काकू तोपर्यंत रोज येऊन चित्रासमोर बसायला लागल्या होत्या. त्यांच्या हातात भरतकाम असायचं. मॅडमनी त्यांना तो हिरव्या रंगाचा प्रश्न विचारला. काकू उठून चित्राच्या अगदी जवळ गेल्या, चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाल्या, “खाली लाल आहे. बघा, पानांच्या फटीफटीतून दिसतोय. हिरव्याशेजारी लाल दोरा घातला की हिरवा असाच उसळतो.” मॅडमनी नाक कॅनव्हासला लावलं. “बाप्पा!” त्यानंतर येईल त्याला त्या तो लाल दाखवायच्या आणि “हे आमच्या काकूंनी शोधलं” म्हणून सांगायच्या. भिंतीशी बोलणाऱ्या काकू आता मॅडमसाठी घरून मुद्दाम तिखट चटणी करून आणायच्या. मॅडम ती खाऊन म्हणायच्या, “गोड आहे, पण चांगली आहे.”

अमोलची गोष्ट मात्र वेगळी होती, आणि तो खरं तर माझा पेशंट. हिंजवडीत एका कंपनीत होता. चाळिशीसुद्धा आली नव्हती. त्याचं बोलणं शाबूत होतं, डावा हात आणि पाय अशक्त झाले होते. पण त्याहून विचित्र असं की त्याच्यासाठी जगाची डावी बाजूच उरली नव्हती. डोळे ठीक होते, पण मेंदू डावीकडे लक्षच देत नव्हता. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहायची. दाढी उजव्या गालाचीच करायचा. दाराच्या डाव्या चौकटीवर आदळायचा आणि वर म्हणायचा, “मी ओके आहे, मला नेक्स्ट मंथ जॉइन व्हायचंय.” त्याला स्वतःला काही कमी आहे असं वाटतच नव्हतं. त्याची बायको नेहा मला एकदा हळूच म्हणाली, “मी डावीकडे उभी राहिले की तो मला ओळखच देत नाही. इतकं इन्सल्टिंग वाटतं ना.”

मॅडमनी त्याला व्हरांड्यात बसलेला पाहिलं आणि सवयीनं विचारलं, “काय दिसते सांग बरं चित्रात.”

“घर. केळी. रस्ता. कोकोनट ट्री. नाइस आहे.”

“अजून?”

“बस, एवढंच आहे.”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. खाडी नाही, पाणी नाही, होडी नाही. अर्धं चित्र त्यानं सांगितलंच नव्हतं.

आम्ही चौकटीच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावली. त्यानं आधी मान वळवून ती पट्टी शोधायची आणि मग तिथून सुरुवात करून चित्र वाचत उजवीकडे यायचं, असा रोजचा अभ्यास. तो कंटाळायचा. “मॅडम, सेम चित्र रोज काय बघायचं?” मॅडम म्हणायच्या, “सेम आहे हे तुला कोणी सांगितलं?” नेहाला मी मुद्दाम त्याच्या डाव्या हाताला खुर्ची दिली होती.

एका सकाळी त्यानं पट्टी शोधली, तिथून नजर हळूहळू सरकवत आणली आणि एकदम थांबला.

“ही होडी कोणी काढली?”

त्यानं वळून आमच्याकडे बघितलं.

“काल नव्हती ही. कोणी ॲड केली?”

“नाही रे पोट्ट्या,” मॅडम म्हणाल्या. आवाज अगदी मऊ. “पहिल्यापासून आहे ती.”

अमोलनं होडीकडे बघितलं, मग मॅडमकडे. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर भीती दिसली. आपल्याला काहीतरी दिसत नाहीये हे त्याला त्या क्षणी कळलं. “मग डावीकडे अजून काय काय आहे?” त्यानं विचारलं.

“पाहा ना.”

त्यानं मान वळवली. पाण्याकडून चौकटीकडे, चौकटीकडून भिंतीकडे, अजून डावीकडे. तिथे नेहा बसली होती. तो तिच्याकडे बघत राहिला.

“हाय,” नेहा म्हणाली.

“हाय,” तो म्हणाला, आणि दोघं एकदमच हसायला आणि रडायला लागली. मॅडम उठल्या, मला दंडाला धरून आत घेऊन गेल्या आणि दार लोटून घेतलं. “त्यांचं त्यांना बोलू दे,” म्हणाल्या.

सगळ्यांचंच असं झालं नाही. वाघोलीहून सुमनबाई यायच्या. मुलगा रिक्षानं आणून सोडायचा. त्यांना एकही शब्द परत मिळाला नाही. मॅडमनी चुका करून पाहिल्या, गाणी म्हणून पाहिली, काही नाही. पण सुमनबाई चित्राजवळ गेल्या की तळहात त्या लाल पायवाटेवर ठेवायच्या आणि वरपर्यंत फिरवायच्या. ‘चित्रास हात लावू नये’ अशी डॉ. आपटेंची पाटी शेजारीच होती. मॅडमनी ती काढून टेबलाच्या खणात टाकली. “त्या बोलून राहिल्या,” मला म्हणाल्या. सुमनबाई यायच्या बंद झाल्या त्या आठवड्यात मॅडम फार बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या पेशंटचा तास एकही चुकवला नाही.

आणि मग केंद्राचं नूतनीकरण निघालं. एका देणगीदार गृहस्थांनी खर्च उचलला होता, त्यामुळे भिंतींचा रंग त्यांच्या पसंतीचा. सजावट करणाऱ्या बाई आल्या, चित्रासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आजारी माणसांना शांत रंग हवेत, हे फार अंगावर येतं. भिंती सायीच्या रंगाच्या झाल्या. चित्र जुन्या चादरीत गुंडाळून अडगळीच्या खोलीत गेलं आणि त्या जागी टीव्ही लावायचं ठरलं.

मला वाटलं मॅडम भांडतील. त्यांनी फक्त विचारलं, “उभं ठेवलं की आडवं?” उभं ठेवलंय म्हटल्यावर मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर मॅडमनी सगळ्या खुर्च्या त्या कोऱ्या भिंतीसमोर लावल्या होत्या. लेले काका, काकू, अमोल, अजून तीन-चार पेशंट. “आता काय?” अमोलनं विचारलं.

“आता सांगा. घर कुठे होतं?”

मग जी जुंपली! अमोल म्हणाला इथे, एक आजोबा चांगला हात नाचवून म्हणाले, तिथे. माड किती झुकलेला होता यावर दोन तट पडले. होडीचं तोंड कुठल्या बाजूला, घराला खिडकी एक की दोन, धूर छपराच्या मधून की कडेनं. काकूंनी ठासून सांगितलं की पाण्याच्या कडेला एक बगळा होता. काकांनी त्याला दुजोरा दिला. चित्र समोर असताना जे पेशंट दोन शब्दांवर थांबायचे ते आता शब्द शोधून शोधून भांडत होते, कारण बोट दाखवून भागत नव्हतं. बोट दाखवायला तिथे काही नव्हतंच. सांगावंच लागत होतं. हे रोज चालायला लागलं.

टीव्ही बसायच्या आधी देणगीदार गृहस्थ काम बघायला आले. डॉ. आपटे त्यांना घेऊन व्हरांड्यात आले आणि बघतात तर सात-आठ माणसं कोऱ्या भिंतीकडे तोंड करून तावातावानं वाद घालताहेत.

“हे काय चाललंय?” गृहस्थांनी विचारलं.

मॅडमनी नेहमीसारखा हात पुढे केला. त्यांना विचारा.

लेले काका म्हणाले, “चि... चित्र. बघतोय.”

“कुठेय चित्र?”

काकांनी भिंतीकडे बोट केलं. मग गृहस्थांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, “दिसत... नाही... का?”

स्ट्रोकनंतरचं काकांचं हे पहिलं सबंध वाक्य, आणि ते इतकं शुद्ध पुणेरी होतं की डॉ. आपटेंना हसू आवरेना. गृहस्थ भले होते. ते एक खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “नाही दिसत. सांगा बघू मला.” बराच वेळ बसले. अमोलनं त्यांना डावीकडून सुरुवात करून सगळं सांगितलं. पाणी, होडी, पायवाट, घर. जाताना गृहस्थ डॉक्टरांना एवढंच म्हणाले, “टीव्ही दुसरीकडे लावा हो.”

चित्र परत आलं त्या दिवशी सगळे आधीच येऊन बसले होते. चादर निघाली. मग अमोल म्हणाला, “बगळा कुठेय?”

बगळा नव्हताच. कधीच नव्हता. काकू जवळ जाऊन शोधून आल्या. काका चिडले. सगळ्यांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमना वाटलं असतं तर मनातला बगळा वगैरे काही गोड बोलून त्यांनी वेळ मारून नेली असती. पण चित्राबद्दल खोटं त्या फक्त कामापुरतं बोलायच्या.

“चुकलो आपण,” त्या म्हणाल्या. “मी पण होच म्हणत होते. चला, पुन्हा पहिल्यापासून पाहू.” आणि स्टूल पुढे ओढलं.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी केंद्र सोडलं. चंद्रपूरला बहिणीच्या घराची पुढची खोली रिकामी होती. तिथे त्या स्वतःचं काम सुरू करणार होत्या. “तिकडून लोक पेशंटला घेऊन पुण्यापर्यंत येतात वं,” त्या मला म्हणाल्या. “निम्मे तर येतच नाहीत. घरीच बसून राहतात, आमच्या आईसारखे.” आम्ही सगळ्यांनी चित्र त्यांना द्यायचं ठरवलं होतं. डॉ. आपटेंनीच तसं सांगितलं. त्या घेईनात. “लेले काका उद्या सकाळी येतील, तर काय पाहतील? आणि तिथे खिडकीबाहेर रस्ता आहे, दुकानं आहेत, बैल आहेत. पाहायला काय कमी आहे!” शेवटच्या दिवशी काकांनी त्यांच्यासाठी भाषण केलं. पाच वाक्यांचं. मधल्या एका वाक्यात अडकले तेव्हा कोणीही शब्द पुरवला नाही. सगळे थांबून राहिले आणि काकांनी तो स्वतःच शोधून आणला. अमोल हाफ डे टाकून हिंजवडीहून आला होता. आता तो पुन्हा कामावर जातो. कंपनीच्या बसमध्ये उजवीकडच्या सीटवर बसतो, म्हणजे सगळी बस डावीकडे येते आणि मान वळवायची सवय राहते. हे त्याचं त्यानंच शोधून काढलंय.

मी त्यांना सोडायला गेले. बस वाघोलीवरून जाते, आणि त्यांना तिथेच एका जुन्या मैत्रिणीला भेटायचं होतं, म्हणून तिथूनच चढायचं ठरलं. संध्याकाळचं ऊन होतं. नगर रस्त्यावर ट्रक, डंपर, कॉलेजची पोरं, नुसता धुरळा. मॅडमनी दोन पिशव्या माझ्या हातून घेतल्या, माझा गाल धरला, म्हणाल्या, “तिखट खात जा थोडं,” आणि चढल्या.

बस लगेच हलली नाही. पुढे गाड्या अडकल्या होत्या. मी स्कूटरपाशी उभी राहून खिडकीकडे बघत होते. मॅडमच्या शेजारी एक बाई होती, मांडीवर दोन-अडीच वर्षांची मुलगी. बाईला जेवून घ्यायचं असावं, कारण तिनं डबा काढला आणि मॅडमनी हात पुढे करून मुलीला आपल्याकडे घेतलं. मुलगी खिडकीच्या काचेला चिकटली. तिनं बाहेर कुठेतरी बोट दाखवलं आणि काहीतरी म्हणाली. मला ऐकू येणं शक्य नव्हतं. मॅडमनी आपलं डोकं खाली आणलं, मुलीच्या डोक्याच्या बरोबरीला, आणि तिच्या बोटाच्या रेषेत बघायला लागल्या.

बस निघाली. मी हात वर केला होता, पण त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मुलगी पुन्हा काहीतरी म्हणाली आणि मेश्राम मॅडमनी काहीतरी विचारलं.